लाल बटण, हिरवं बटण

५ नोव्हेंबर २०१७. कोकण, खाडीवरचा पूल.
आजपासून रोज लिहायचं. पुढं मोठा झाल्यावर कामी येईल.
काम तेच. पट्टा बांधून दोरीवर लटकायचं, पुलाच्या पोटाला हातोडी मारायची. टण्ण वाजलं की काँक्रीट भरीव. भद्द वाजलं की आतून पोकळ. चार वर्षांत माझा कान एकदाही चुकला नाही. एकदा चुकला, पण तेव्हा सर्दी होती.

९ नोव्हेंबर.
कंपनीनं रोबो आणला. घोरपडीएवढा. पायाला रबरी वाट्या, हवा ओढून खांबाला चिकटतो आणि हातोडी स्वतःच मारतो. बाकीचे लटकणारे घाबरले. मी नाही. ठोकणं कोणालाही जमते. ऐकणार कोण?

११ नोव्हेंबर.
म्हटलं होतं तेच झालं. पायल मॅडमनं (इंजिनियर, माझ्याहून दोन वर्षांनी लहान) माझीच निवड केली. रोबो ठोकणार, मी सावलीत खुर्चीवर हेडफोन लावून ऐकणार. भरीव असलं तर हिरवं बटण, पोकळ असलं तर लाल. माझं पद काय, विचारलं. म्हणाल्या, काहीही म्हण.
ऑपरेटर.
पट्टा देवसिंगला देऊन टाकला. आमच्याच तांड्याचा, अजून नवा आहे, वर चढताना थरथरतो. म्हटलं, ठेव, मले आता कायले लागते.

१९ नोव्हेंबर.
घरी फोन. बा म्हणाले, बोंडअळीनं वाट लावली, वेचायला बाया मिळत नाहीत, पंधरा दिवस ये. सांगितलं, ऑपरेटरला सुट्टी नसते. असते. मागितली नाही.
याडीनं, म्हणजे आईनं, फोन हिसकून घेतला. शेजारच्या तांड्यातल्या भावसिंगकाकांची बबिता लग्नाची आहे. तिच्यासाठी आलेली तीन शेतीवाली पोरं त्यांनी चहा पाजून परत पाठवली. यंदा कापसावाल्याला पोरगी देत नाहीत, नोकरीवालाच पाहिजे. याडीला सांगून टाकलं, मी रोबो चालवतो म्हणून सांग. याडीनं विचारलं, लायसन काढलं का?

२८ नोव्हेंबर.
दिवसाला नऊशे बटणं. मॅडम म्हणतात, दाबत राहा, जेवढं जास्त तेवढं चांगलं. माझं प्रत्येक बटण कॉम्प्युटरात जमा होते. शाळेत माझी हजेरीसुद्धा कोणी धड मांडली नाही. आता मोजा म्हणावं गुरुजींना.
सकाळी पळायला जायचं ठरवलं. उद्यापासून.

१४ डिसेंबर.
पुढचा पूल आपल्या जिल्ह्यात! नेरजवळचा. आता नशिबालाही माझी गरज पडून राह्यली. भावसिंगकाकांना निरोप धाडला, ऐकीव गोष्टीवर जाऊ नका, येऊन पाहा.

२ जानेवारी २०१८. नेर.
मॅडम म्हणाल्या, बादल, आता बटण नाही दाबलं तरी चालेल, पाहिजे तर दाब. परीक्षा घेऊन राह्यल्या असतील. मी दुप्पट दाबली.

८ जानेवारी, सकाळ.
आज येणार. नवा शर्ट. कमी बोलायचं.

८ जानेवारी, संध्याकाळ.
कमी बोललो नाही. भावसिंगकाका बाजूला खुर्ची घेऊन बसले. बबिताचं कॉलेज नेरलाच, तीही आली. मी पूल समजावला, रोबो समजावला, माझ्याशिवाय तो कसा आंधळा आहे तेही समजावलं. काका मान हलवत होते. बबिता मॅडमच्या कॉम्प्युटरकडं पाहत होती. मग हळूच म्हणाली, "तुमी बटन दाबाच्या आंधीच तिकडं लाल लागून राह्यलं."
काकांनी मॅडमला विचारलं, हा पोरगा खुर्चीवरून उठला तर काय होते?
मॅडम चांगल्या आहेत, खोटं बोलत नाहीत. म्हणाल्या, "काही नाही. आठ दिवसांपासून त्याच्या बटणांचं डबडं जोडलेलंच नाही. रोबो आता स्वतः ऐकतो. त्याला बादलनंच शिकवलं ना."
तेवढ्यात रोबो खांबाच्या मधातच अडकला. वाटीत कचरा गेला. हाक देवसिंगला गेली. माझा पट्टा बांधून तो सरसर वर गेला, थरथरला नाही, आणि रोबोला बकरीच्या पिलासारखा काखेत घेऊन उतरला. मॅडम काकांना सांगत होत्या, हे काम मात्र मशीनला कधी जमणार नाही.
काकांनी देवसिंगला जवळ बोलावलं. पूर्ण नाव विचारलं.
मी तोवर बटण दाबतच होतो. हिरवं. काहून दाबत होतो, माहीत नाही.

१५ जानेवारी.
बटणांचं डबडं मॅडमनं खोक्यात भरलं. जाताना माझ्याशी हात मिळवला, म्हणाल्या, तुझा कान फार उपयोगी पडला. पडला.
देवसिंगला पट्टा परत मागितला. म्हणाला, "दादा, दिला असता, पण आता माहं जमून राह्यलं." कामाचं म्हणाला की बबिताचं, विचारलं नाही. दोन्हीचंच असेल.

२१ जानेवारी. तांडा.
तात्पुरता आलो आहे. बाच्या संगं कापसाची वाळली पऱ्हाटी उपटून राह्यलो. वाळलेलं बोंड कानाजवळ धरायचं, नखानं ठोकायचं, आत कापूस आहे की नाही ते न फोडता सांगायचं. पोकळ. पोकळ. पोकळ. दुपारपर्यंत एकही चुकलो नाही. म्हटलं, बालाही दाखवावं.
बानं बोंड हातात घेतलं, फिरवून पाहिलं.
"अळीचं भोक दिसून राह्यलं ना, बापू," म्हणाले. "याले कान कायले लागते?"