यादीत सातवी

रविवार, १२ जानेवारी, सकाळी ११
लुक्स या इथल्या जर्मन क्लबने मला नेमलं. नेमलं म्हणजे, ट्रेनर फ्राऊ डोरिंगने पालकांच्या ग्रुपवर विचारलं की एक्सेल कोणाला नीट येतं, आणि मी सगळ्यांच्या आधी उत्तर दिलं. क्लबच्या प्रोफेशनल महिला आइस हॉकी टीमला पुढच्या सीझनसाठी ज्युनियरमधल्या सहा होतकरू मुली हव्यात. अकरा जणींचे मार्क एकत्र करून यादी करायची. थोडक्यात, टीमचं भविष्य माझ्या हातात. ऑफिसात वीस वर्षं दुसऱ्यांचा डेटा साफ केला, त्याचं आता कुठे चीज झालं.
त्या अकरांत आमची तनयाही आहे. सोळा वर्षांची. म्हणून मी कमालीचा निःपक्षपाती राहणार.
पुण्याला आईला फोन करून सांगितलं की मी निवड समितीवर आहे. तिने विचारलं, तिकडे क्रिकेट सुरू झालं का.

बुधवार, १५ जानेवारी
संकल्प: रोज पहाटे साडेपाचला तनयाबरोबर रिंकवर जायचं. निवड करणाऱ्याने खेळ स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवा.

गुरुवार, १६ जानेवारी
बाहेर उणे सात. नीता घेऊन गेली. एरवीही तीच नेते. बायकोची चांगली सवय मोडू नये.

रविवार, १९ जानेवारी
मॅच बघितली. लॅपटॉप, थर्मास, डब्यात पोहे. पक नावाची ती काळी चकती मला अजून एकदाही दिसलेली नाही. लोक ओरडतात त्या बाजूला बघायचं. जमतं.
खासगी नोंदी. योहाना: उंची चांगली, शांत, मोठ्यांना आपणहून हॅलो म्हणते. फ्रीडा: अंगात ताकद, पण आईला उलट उत्तरं देते, पुढे जड जाईल. नीताने वाचलं आणि विचारलं की तू खेळाडू निवडतोयस की सून? हिला टॅलेंटमधलं काही कळत नाही.
तनयाकडे मुद्दाम बघितलं नाही. पक्षपात नको.

मंगळवार, २१ जानेवारी
पालकांनी भरायचा फॉर्म आला, एल्टर्नबोगन. सत्तर टक्के मार्क ट्रेनरचे, तीस टक्के आईबापांचे. शिस्त, मेहनत, हार पचवणं. प्रत्येकाला दहापैकी मार्क आणि शेजारी एक उदाहरण. फ्राऊ डोरिंगचं म्हणणं, मूल घरी कसं आहे ते घरच्यांनाच माहीत.
सगळ्यांचे फॉर्म माझ्याकडे येतात. योहानाच्या बापाने नऊ, नऊ, आठ दिलेत. स्वतःच्या पोरीला नऊ. लाज कशी वाटत नाही माणसाला?

बुधवार, २२ जानेवारी
तनयाला चार, चार, पाच दिले. उदाहरणं भराभर सुचली. ओला टॉवेल पलंगावर. जेवताना मोबाइल. हरली की दार आपटते.
आपल्या पोरांचं कौतुक आपणच करायचं नसतं. आपण म्हणायचं, कसलं काय हो, नुसती आळशी आहे. मग समोरचा म्हणतो, छे, काहीतरीच, किती गुणी मुलगी. फ्राऊ डोरिंगही म्हणेल. आणि यादी करणाऱ्यानेच घरच्यांना नऊ वाटले तर लोक काय बोलतील?
नीताला दाखवलं नाही. ती भावनाप्रधान आहे.

गुरुवार, ३० जानेवारी
फ्राऊ डोरिंग रिंकवर भेटली. मुद्दाम विषय काढला. म्हटलं, आमच्या तनयाचं काही खरं नाही. ती म्हणाली, "हो, वाचलं मी. इतकं प्रामाणिकपणे लिहिल्याबद्दल आभार." आणि गेली. मी दोन मिनिटं तिथेच थांबलो, तिला परत येऊन 'छे' म्हणायचं असेल तर.

शनिवार, १ फेब्रुवारी
ट्रेनरचे मार्क भरले. तनया अकरांत दुसरी. दुसरी! मला हे कोणी सांगितलं नव्हतं. नीता म्हणते, वर्षभर सांगतेय.
मग पालकांचे मार्क मिळवले. तनया सातवी. फॉर्म्युल्यात चूक असणार. संध्याकाळपर्यंत चारदा तपासला. फॉर्म्युला मीच लिहिलाय, त्यात चूक नाही.

रविवार, २ फेब्रुवारी
चाराचे आठ करायला एक सेकंद लागतो. केले नाहीत. तत्त्व म्हणजे तत्त्व. शिवाय मूळ फॉर्मची कॉपी फ्राऊ डोरिंगकडे आहे. यादी पाठवून दिली.

बुधवार, ५ फेब्रुवारी
यादी लागली. तनया जेवली नाही. म्हणाली, डावीकडे वळताना मी कमी पडते, उद्यापासून अर्धा तास आधी जाणार. मी म्हटलं, मेहनतीला पर्याय नाही.
हे मी म्हटलं. आत्ता लिहिताना कान तापलेत. उद्या तिला खरं सांगतो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
तिचा केमिस्ट्रीचा पेपर. आज नको.

शनिवार, ८ फेब्रुवारी
आज हसत होती. कशाला तिचा मूड घालवा?

मंगळवार, ११ फेब्रुवारी
पाचला उठते. माझी झोप मोडू नये म्हणून दार हळूच लावते. मी जागाच असतो. डोळे मिटून पडून राहतो. थंडीचं कारण नाही. लाज वाटते.

बुधवार, १२ फेब्रुवारी
नीताला सांगितलं. वाटलं ओरडेल. ओरडली नाही. म्हणाली, "शेखर, तू लिहिलेलं त्यांना खरं वाटतं रे. इथली माणसं आहेत ती."  ओरडली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
क्लबमध्ये गेलो. म्हटलं, आमच्याकडे असं बोलायची रीत आहे. फ्राऊ डोरिंगने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे, तुम्ही मुलीबद्दल खोटं लिहिलंत?" हो म्हणावं लागलं. शेजारी योहानाचा बाप उभा होता. तो बिचारा बुटांकडे बघायला लागला.
यादी आता बदलणार नाही. खरा फॉर्म सोमवारपर्यंत दिला तर तनयाला पहिली राखीव ठेवता येईल, सरावाला बोलावतील. पहिल्या फॉर्मबद्दल तिला मात्र मीच सांगायचं, असं बजावलं.

रविवार, १६ फेब्रुवारी
मार्क लगेच लिहिले. नऊ, नऊ, नऊ. उदाहरणांचे रकाने तासभर रिकामे. ओल्या टॉवेलच्या पुढे काही आठवेना.
शेवटी नीताला विचारलं. ती कणीक मळता मळता सांगत गेली, मी टाइप करत गेलो. मागच्या मार्चमध्ये तनयाचं मनगट प्लास्टरमध्ये होतं, तेव्हा ती दोन महिने रोज नुसता पायांचा सराव करायची. फायनल हरल्यावर रडणाऱ्या गोलकीपरला आधी तिच्या घरी सोडलं आणि मग स्वतः आली. लहान मुलींच्या बॅचला शनिवारी शिकवते, कोणी सांगितलेलं नाही.
प्लास्टर मला आठवतं. क्रांकनकासेचा, म्हणजे आरोग्य विम्याचा, फॉर्म मीच भरला होता. बाकीचं मी आज पहिल्यांदा ऐकलं, एकाच घरात राहून.
फॉर्मखाली माझं नाव आलं. लॉगिन माझं आहे.

गुरुवार, २० फेब्रुवारी
तनया पहिली राखीव. आधीच्या फॉर्मबद्दल तिला अजून सांगितलेलं नाही. फ्राऊ डोरिंगने तिला नवा फॉर्म वाचायला दिला. बूट न काढता तशीच माझ्या खोलीत आली आणि गळ्यात पडली. रडत होती. म्हणाली, "बाबा, हे सगळं तू बघत होतास?"
नीता दारात उभी होती.
मी हो म्हटलं.