बिनगळाचे सात दिवस

ता. १४, मंगळवार, दुपार

प्रिय बारकू,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. बेकरीत नवी भट्टी आली आहे, ती जुनीपेक्षा जास्त नखरे करते. बाकी इकडे आहे तसंच आहे.

तुझं पत्र मिळून बारा दिवस झाले. पाच वर्षांनी पत्र, तेही चार ओळींचं, आणि त्यातल्या तीन माशांबद्दल. ‘अण्णांना माझं नाव न सांगता विचार, आमिषाचा गोळा पाण्यात लगेच का विरघळतो?’ वा रे पठ्ठ्या, वडिलांशीच लपवाछपवी. मला चार वर्षांची भाची आहे आणि तिला तळ्यातला मासा हातात धरून बघायचाय, हे मला चौथ्या ओळीत कळलं.

तर आधी गोळा. शिळा ब्रेड घे, कडा काढ, ओला करून घट्ट पीळ आणि मग कोरडं पीठ घालत मळ. नंतर वरून पाणी घालायचं नाही. तू तेच करत असणार. कानाच्या पाळीइतका मऊ झाला की चमचाभर मध, बास. हात नुसत्या पाण्याने धू, साबण नको. अण्णा वर्कशॉपातल्या लेथवरून आले की तेलाचा वास जावा म्हणून मातीने हात घासायचे, आठवतं ना?

मक्याचे दाणे रात्रभर भिजव, नखाने दबतील इतके शिजव आणि त्याच पाण्यात दोन दिवस राहू दे. आंबूस वास येईल. बायको नाक मुरडेल, मासा नाही मुरडणार.

कार्प मासा चटकन गिळत नाही. तोंडात घेतो, थुंकतो, परत घेतो. दोरीवरचं तरंगतं बूच नुसतं थरथरलं तर ओढू नकोस. ते तिरकं सरकत पाण्याखाली गेलं की मग ओढ. आणि छोटीला मासा धरायला देशील तेव्हा तिचे हात आधी ओले कर.

पण खरं काम याच्या आधीचं आहे. ते तू कधी केलं नाहीस, कारण तुझ्या वाटचं अण्णा करायचे. सात दिवस रोज सकाळी, त्याच वेळी, त्याच जागी मूठभर दाण्यांचा चारा टाकायचा. गळ घरीच ठेवायचा. माशांना जागेची खात्री पटली की आठव्या दिवशी काठी. तू रविवारी उठून आयता यायचास आणि मासा लागला की गल्लीभर मिरवायचास.

पत्राच्या कडेला तू बारीक अक्षरात विचारलंयस, ‘अण्णा बरे आहेत ना?’ त्याचं उत्तर सगळ्यात शेवटी द्यावं म्हणून मासे पुढे केले. आता मासे संपले.

अण्णा गेले. मागच्या महिन्याच्या सव्वीस तारखेला, दुपारी, खिडकीजवळच्या खुर्चीत. मी कामावर होते. तुझं पत्र त्यानंतर सहा दिवसांनी आलं. त्याआधी तुझा पत्ता नव्हता. पत्ता मिळाल्यावर बारा दिवस काय केलं, हे मात्र मला सांगता येत नाही. रोज पाव लावले, घरी आले, भांडी घासली. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

आता दुसरं. थंडीत त्यांची छाती भरली ती भरलीच. खाईनात, उठेनात. डॉक्टर म्हणाले, त्यांना चालायला लावा. मी गोडीने सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं. मग एका शनिवारी मी बोलून गेले, “बारकूचा फोन आला होता दुकानात. पुढच्या रविवारी येतोय.”

ते उठून बसले. म्हणाले, “काठी आणतोय का? नाहीतर इथली नीट करायला हवी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता अण्णा दाण्यांचा डबा घेऊन तळ्यावर. सातही दिवस. दोन पोळ्या जास्त खायला लागले. मी ठरवलं होतं की शनिवारी सांगायचं, त्याला जमत नाही म्हणून. शनिवारी त्यांनी तुझ्या काठीला नवी दोरी बांधली. मला सांगवेना.

रविवारी दुपारी एक वाजता मी जेवण घेऊन गेले. दोन काठ्या मांडलेल्या. त्यांची पाण्यात, तुझी काठावर. तुझ्या गळाला काही लावलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, “दुसऱ्याने लावलेलं त्याला चालत नाही. आला की लावेल.” त्यांना त्या दिवशी एक मोठा लागला होता, तो सोडून दिला. म्हणाले, तो असता तर त्याला दाखवता आला असता.

संध्याकाळी काठ्या भिंतीला लावल्या आणि म्हणाले, “कामात अडकला असेल. चारा तुटू देऊ नकोस.” परत काही तळ्यावर गेले नाहीत. शुक्रवारी गेले. माझं खोटं त्यांना कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी ते कबूल केलं नाही. पाच दिवस होते माझ्याकडे.

अण्णा तुझ्यावर रुसून बसले होते असं तुला वाटत असेल, तर ते खरं नव्हतं. त्यांच्या वर्कशॉपमध्ये पाऊल टाकणार नाही म्हणून तू निघून गेलास, त्याचं वाईट वाटायचं. राग गेला होता. तुला राग आला असेल तर तो पत्रातून काढू नकोस, समोर येऊन काढ.

चारा मी तुटू दिलेला नाही. सकाळी कामाला जाताना टाकते. मासे आता माझी पावलं ऐकून जवळ येतात. मी नुसती बघते आणि जाते.

रविवारी ये. छोटीला आण. तुझ्या काठीला गळ आहे, आमिष तू लाव. मी अण्णांना तू येणार म्हणून सांगितलंय, बारकू. मला खोटी पाडू नकोस.

तळ्यावर सात वाजता,
तुझी ताई