आईचा होकार

ता. ४ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राविरुद्ध माझी रीतसर तक्रार आहे. चार पानं बर्फ, थर्मामीटर आणि जाळ्या. माझ्या गुडघ्याला अर्धी ओळ, तीही समासात! ज्या गुडघ्याने लहानपणी तुझा घोडा होऊन लाथा खाल्ल्या, त्याची ही परतफेड? 'अति सर्वत्र वर्जयेत्' हे बर्फालाही लागू आहे, असं तुझ्या वहिनीचं मत. वचन माझं, बर्फ तिचा.

थट्टा पुरे. तुम्हा बायकांच्या सामाईक शेडमधला धुरी दिलेला मासा खाऊन शेजारचे शिंपीकाका आजारी पडले, हे ऐकून वहिनीने हातातलं काम टाकलं. अंग लाल, घशात आग, उलट्या. आणि माशाला वास म्हणून नाही! उन्हात राहिलेल्या माशात होणारं विष नाकाला कळत नाही आणि शिजवूनही जात नाही, हे मला नवीनच. आईला तर हे पटलंच नसतं. जन्मभर तिने शेडच्या दाराशी स्टुलावर बसून टोपली न टोपली हुंगली. ती 'हं' म्हणाली की मासा आत. तिला जाऊन वर्ष होत आलं; आता 'हं' थर्मामीटरने म्हणायचं, एवढाच फरक. मग इतकं सगळं आणूनही टोपल्या आत जायला उशीर का होतो? तेवढं मात्र तू सफाईने गाळलंस.

गुडघ्यासकट सर्वांवर माया असू दे.

तुझा,
दादा

ता. ११ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? झालं समाधान?

गाळलं, कारण लिहायची लाज वाटली. बर्फाची पेटी दारातच उघडी असते. तरी बोटीवरून आलेली टोपली बायका आधी आईच्या स्टुलापुढे टेकवतात. जरा थांबतात, मग उचलतात. तोवर मागच्या टोपल्या उन्हात. शिंपीकाकांचा मासा त्या रांगेतलाच. मी रागावले, तर थोरल्या मावशी मलाच म्हणाल्या, की घाई कसली पोरी, तुझी आई अजून हो म्हणाली नाही.

स्टूल मी कोठीत टाकलं. आता टोपल्या मोकळ्या जागेपुढे थांबतात. येता-जाता सगळ्या त्या जागेला वळसा घालतात, कुणाला पाय लागू नये तसा.

आणि दादा, हसू नकोस. काल टोपली मी स्वतः उचलायला गेले. थर्मामीटर ठीक दाखवत होता, पण माझा हातच हलेना. मागून आईचं ते 'हं' ऐकू आलं, तेव्हा कुठे पाऊल उचललं. वळून बघितलं, तर मागे कुणी नव्हतं.

वहिनीला यातलं काही सांगू नकोस. लोभ आहे तसाच ठेव.

तुझी,
धाकटी

ता. १७ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

हसलो नाही. पत्र वाचताना चेहरा का उतरला म्हणून वहिनीने विचारलं, तर गुडघ्यावर ढकललं. बिचारा पहिल्यांदाच कामी आला.

मला सुचतं ते असं. बर्फाची पेटी दारातून हलव आणि थेट बोटीपाशी ने. मासा टोपलीत पडतानाच बर्फात पडू दे. मग बायकांना आईपुढे थांबायचं तर खुशाल थांबू देत. गार मासा घटकाभर थांबल्याने बिघडत नाही. गेलेल्या माणसाशी वाद घालू नये. मी इतकी शास्त्रं घोकली, पण तो जिंकायची युक्ती एकातही सापडली नाही. स्टूलही कोठीतून काढून जागेवर ठेव. रिकाम्या जागेपेक्षा ते बरं.

शिंपीकाका उठून मशीनवर बसले की कळव. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा

ता. क. बायकांची मला काळजी नाही. या वेळी थर्मामीटर ठीक म्हणाला आणि आईही 'हं' म्हणाली. दोघांचं जुळलं म्हणून निभावलं. एखाद्या दिवशी थर्मामीटर 'टाकून दे' म्हणेल, आणि मागून आईचा होकार येईल. त्या दिवशी तू आईचं ऐकशील. तुझ्या जागी मीही तिचंच ऐकलं असतं. मला भीती वाटते ती याची.