ताईचा तक्ता

३ तारीख, सोमवार

एक तक्रार नोंदवून रोजनिशीला आरंभ करतो. संस्कृतात मस्तकाला उत्तमांग म्हणतात. या घरात मात्र उजव्या पायाखाली तीन उशा आणि उत्तमांगाखाली घडी केलेला टॉवेल! पायाचा हा उत्कर्ष मला मान्य नाही.

शनिवारी अंगठ्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून ताईने आज मला आपल्या तळमजल्यावरच्या घरात आणून टाकलं. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. चाळीस वर्षं वॉर्डात सिस्टर होती. भाऊजी गेल्यापासून एकटीच. खोली झकास: खिडकी, पंखा, हाताशी घंटी. सर्जनचा सूचनांचा कागद तिने भिंतीला चिकटवलाय. पाय छातीहून उंच ठेवा, फडक्यातून वीस मिनिटं बर्फ लावा, गोळी जेवणानंतर घ्या, बोटं निळी किंवा गार पडली तर लगेच फोन करा. वर मला बजावलं की बाळ्या, इथे तू मास्तर नाहीस, खाट नंबर एक आहेस.

४ तारीख, मंगळवार

बर्फ म्हणजे साक्षात अमृत, फक्त घट्ट झालेलं. ताई टेपने पावलाचा घेर मोजते आणि वहीतल्या तक्त्यात टिपते: घेर, वेदना दहापैकी किती, नाडी. आज साडेसव्वीस आणि चार. डोकावून पाहिलं, तर पुढच्या दिवसांची घरंही भरलेली! वॉर्डात तीस खाटा आणि सिस्टर एक, म्हणाली. तक्ता आधीच भरून ठेवायचा, पेशंट आपोआप जुळतात. घर रिकामं सोडायचं नाही. पेशंटच गेला तर आडवी रेघ. मी तिला ज्योतिषीबाई म्हटलं. खूप हसलो दोघंही.

५ तारीख, बुधवार

सूज उतरली. घेर पंचवीस, वेदना तीन. तक्त्यात मात्र सत्तावीस आणि सात. पंचवीस वर्षांच्या मास्तरकीची खोड. लाल पेन काढून दोन्ही आकडे खोडले, बरोबर उत्तरं लिहिली आणि समासात 'पुन्हा तपासा' असा शेरा मारला.

ताईने वही पाहिली. ताट उचलताना एवढंच म्हणाली, की चाळीस वर्षांत माझ्या तक्त्याला डॉक्टरांनीही पेन लावलं नाही.

६ तारीख, गुरुवार

सकाळी उशा गायब. धुवायला टाकल्यात म्हणे. तिन्ही. एकदम.

ताईने माझा पाय खाटेवरून खाली लोंबता सोडला आणि समोर खुर्ची टाकून विणत बसली. दर अर्ध्या तासाने टेप. सव्वीस. सत्तावीस. पाय ठणकायला लागला, मी वर घेतला; तिने हळूच पुन्हा खाली ठेवला. जेवणाच्या वेळी अठ्ठावीस झाले. जुळलं बघ, म्हणाली, आणि माझी पाठ थोपटली.

गोळी मागितली. किती दुखतंय, विचारलं. पाच, म्हणालो. तक्त्यात आठ आहे. आठ झाली की देते.

संध्याकाळी आठ म्हणालो. खोटं नव्हतं.

वॉकर बाहेरच्या खोलीत आहे, फरशीवर ओरखडे उठतात म्हणून. माझा फोनही तिकडेच, चार्जिंगला.

७ तारीख, शुक्रवार

पट्टी तिने नव्याने बांधली. फार घट्ट. बोटं निळसर दिसतात. मी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं — तिने कागदच काढून घेतला.

मग बाहेरून तिचा आवाज आला. सर्जनशी बोलत होती. उतार आहे, छान झोपलाय, म्हणत होती. मी ओरडलो. जोरात. ती फोनवर हसली — लहानपणापासून झोपेत बडबडतो हो, म्हणाली.

८ तारीख, शनिवार

ती आंघोळीला गेली. वही हाताला लागली. मागून उघडली — भाऊजींचा तक्ता. त्यांचा गुडघा. हीच खाट. एक खाडाखोड नाही. सगळं एकाच शाईत, एका बैठकीत लिहिलेलं. शेवटच्या ओळीत नाडीच्या घरात आडवी रेघ.

मग माझं पान. उद्याची ओळ —

रेघ.

आणि माझ्या लाल शेऱ्याखाली तिचं अक्षर: तपासलं. बरोबर आहे.

९ तारीख, रविवार

बोटं गार. दुखत नाही. काहीच लागत नाही —

घंटी आहे. पण वाजवली तर येणार तीच.

आज तिने टेप आणली नाही. स्वयंपाकघरात गोळ्या कुटतेय. पुष्कळ. ऐकू येतंय.

विनोद पुरे. पायाचं व्हायचं ते होवो. खरी काळजी ही, की बावन्न वर्षांत मी ताईला एकदाही नाही म्हटलेलं नाही. एकदाही. ती आ कर म्हणाली की मी नेहमी —

आली. हातात चमचा. बाळ्या, आ कर, म्हणते — आणि माझं तोंड