रविवारपर्यंत थांबलेली पावती

आई, तुझी धाकटी लेक मागच्या महिन्यात देवाशी सौदा करायला निघाली होती. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली पन्नास हजारांची ठेव मोडायची, पैसे एका बाहेरगावच्या उपदेशकाला द्यायचे आणि देवानं ते दहापट करून परत करायचे, असा व्यवहार. होटगीहून ती मला हे फोनवर सांगत होती आणि माझ्या हातातला चहा गार होत होता. त्या माणसानं एक मंगल कार्यालय भाड्यानं घेतलंय. दर शनिवारी तिथं प्रार्थना असते, आणि प्रार्थना संपली की तो लोकांच्या पैशाला बियाणं म्हणतो. मी म्हटलं, "पेरायला निदान रान लागतं. हा कुठं पेरणार आहे, स्वतःच्या खिशात?" ती म्हणाली, "तुझा कशावरच इस्वास न्हाई, ताई." तीस वर्षं मी पोस्टात बचत खात्याच्या खिडकीमागं बसले, आई. दामदुप्पट करून देणारे किती आले आणि किती पळाले, सगळे पाहिले. पण हमीदार म्हणून देवाचं नाव घालण्याची हिंमत त्यांतल्या एकानंही केली नव्हती.

राग आला की मला तुझं स्वयंपाकघर आठवतं. घरचं नाही, कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगचं, जिथं तू सकाळ-संध्याकाळ सत्तर मुलींच्या भाकरी थापायचीस आणि त्यापायी आम्हा दोघींची फी माफ होती. मी सातवीत आहे. गॅदरिंगमध्ये मला देवदूत केलंय आणि मला नवे पांढरे बूट हवेत. तू पगारातले पैसे काढतेस, मला दाखवतेस आणि बायबलच्या पानांत ठेवून देतेस. तुझा नियमच होता तो. पोटापलीकडचा कुठलाही खर्च रविवारपर्यंत बायबलात थांबायचा. रोज संध्याकाळी त्यावर हात ठेवून विचारायचं, प्रभू, ही गरज आहे की हौस? रविवारी चर्चमधून आल्यावरही तेच मागावंसं वाटलं, तर पैसे हातात मिळायचे, आणि मग तू एका शब्दानं आडकाठी करायची नाहीस. बुधवारी मी सिस्टरांकडून शिकलेल्या इंग्रजीत प्रार्थना केली, चांगली लांबलचक, कारण देवाचं सिस्टरांशी जास्त जमतं अशी माझी खात्री होती. तू भाकरी उलटत सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "देवाला इंग्रजी येतंय की. पण पैसं माज्याजवळ हाईत. मला मराठीत सांग." मराठीत सांगायला गेले तर माझी मलाच लाज वाटली. शेवटी मी जुने कॅनव्हासचे बूट खडूनं रंगवले. देवदूत स्टेजवर जिथं जिथं चालला तिथं तिथं पांढरे ठसे उमटले, आणि तू मागं उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होतीस.

मोठी झाल्यावर मला वाटायला लागलं की यात देवाचा काही संबंध नाही. तू आम्हाला नुसतं थांबवायचीस, आणि बहुतेक हौशी चार-पाच दिवसांत आपोआप विझतात. एकदा शहाणपणानं तुला तसं बोललेही. तू म्हणालीस, "मग थांबायची बुद्दी कुनी दिली?" 

तर मी होटगीची बस पकडली. हातात शेंगाचटणीचा डबा आणि तोंडात तयार भाषण. नवरा गेल्यापासून धाकटी त्या घरात एकटीच असते. भिंतीला धरत धरत ती दारापर्यंत आली. मी म्हटलं, "मोड ठेव, माझी ना नाही. पण आईचं बायबल तुझ्याकडं आहे. रविवारपर्यंत ठेवीची पावती त्यात ठेव."

"पास्टर म्हणाले, शनिवारच्या आत द्यायचं. आशीर्वादाची वेळ निघून जाती."

"देवानं शेवटची तारीख कधीपासून लावली? वीजबिल आहे का ते?"

ती हसली. अजून ती तुझ्यासारखीच खांदे उडवून हसते. पावती बायबलात गेली. आपण जिंकलो या आनंदात मी सोलापूरला उतरल्या उतरल्या पाव किलो जिलेबी घेतली. त्या जिलेबीला मी रविवारपर्यंत थांबवलं नाही, हेही सांगून टाकते.

रविवारी दुपारी तिचा फोन. "ताई, रोज प्रार्थना केली. अजून द्यावंसंच वाटतंय."

नियमात असंही होऊ शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शनिवार उलटला होता, पण उपदेशकाची त्याला हरकत नव्हती. तेवढी चौकशी तिनं करून ठेवली होती. सोमवारी सकाळी मी परत तिच्या दारात. भाषण मागच्याच खेपेला संपलं होतं, म्हणून या वेळी नुसतं विचारलं, "दहापट मिळतील असं खरंच वाटतं तुला?"

"मी काय येडी हाय? ह्यांच्या पेन्शनचे सगळे कागद मी एकटीनं केलेत."

"मग?"

"तितं दोन बाया माझ्या गुडघ्यावर हात ठिवतात. माझं नाव घिऊन प्रार्थना करतात. हे गेल्यापासून मला कुणी हात लावला न्हाई, ताई. ते फुकट कसं घ्यायचं? तू येतीस, हिशोब इचारतीस आणि पावणेपाचची बस पकडतीस."

त्या उपदेशकावरचा माझा राग अजून तेवढाच आहे. दोन साध्या बायका मायेनं जे करतात, त्याचे पैसे हा गोळा करणार. पण त्या दिवशी पावणेपाचची बस गेली आणि मी बसून राहिले. बोलता बोलता धाकटीलाच सुचलं की फिटंफाट करायची तर त्या दोघींशी करायची, त्या माणसाशी कशाला. गुरुवारी दोघींना जेवायला बोलावलं. भाकरी मी थापल्या. एकीनं तर निघताना उरलेली चटणी कागदात बांधून मागितली. ठेव मोडली ती दवाखान्यासाठी, आणि आता ऑपरेशन होऊन धाकटी वॉकर घेऊन अंगणात फिरते.

तू गेलीस तिथं हे पत्र पोचवणारी पेटी नाही, हे पोस्टातल्या बाईला कुणी सांगायला नको. पण एक सांगायचं राहिलं. त्या सोमवारी मीही तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. दोन वर्षं घरी रोज तिच्या या गुडघ्यासाठी करत होते तीच. दोन वाक्यं झाली असतील, तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "ताई, डावा दुखतोय. हा उजवा हाय."