शोभेचा चौकोन

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांगापुरती जमीन घरात मोकळी नाही, सगळीकडे कागद पसरलेत, पण भाव तोच.) तुझा गुडघा कसा आहे? रक्तदाबाची गोळी घेतली असशील तरच पुढे वाच.

तुझी लेक सुखरूप आहे. बिघडलंय ते तिचं जाकीट. परवा तिचं पहिलं एकल व्हायोलिनवादन, आणि तू इतकी वर्षं जपलेलं निळं कापड मी कापून बसले आहे.

झालं असं, की हातानं बेतायचं सोडून कॉम्प्युटरवर पॅटर्न काढायचा मी हट्ट धरला. व्याकरणाची अवघी सूत्रं मुखोद्गत असलेल्या बाईला एक सॉफ्टवेअर ते काय जड! (हा अहंकार. कालपर्यंतचा.) बाहीच्या मुंढ्याचा एक बिंदू धरून ओढला की गळा थेट कमरेला यायचा. तुझी लेक म्हणे, "मावशी, मी वाजवायला जातेय, पोहायला नाही." अखेर सगळं जमलं. फक्त पहिल्या पानाच्या कोपऱ्यात एक चौकोन उरला; ना पाठीचा, ना बाहीचा. ग्रंथारंभी मंगलाचरण असतं तसा शोभेचा असेल, असं वाटून मी तो पुसून टाकला.

ताई, तो छापल्यावर पट्टीनं मोजायचा असतो. माप कमी भरलं, तर प्रिंटरनं सगळाच पॅटर्न आक्रसलाय असं समजायचं. आमच्या प्रिंटरनं पॅटर्न पानात मावावा म्हणून मायेनं लहान केला होता. मी पानं चिकटवली, कापड पसरलं, कात्री चालवली. (व्याकरणात लोप पावलेला वर्णही आपलं काम करून जातो. चौकोनानंही केलं.)

काल घालून पाहिलं. बटणं लागली. मी हुश्श म्हणणार, तोच तिनं गज उचलला आणि खांदा जागचा हलेना. आमचे हे "छान बसलंय हं" म्हणाले. त्यांना आम्ही दोघींनी बाहेर पाठवलं. पोर रडली नाही. एवढंच म्हणाली, "शेवटचा भाग जाड तारेवर आहे, मावशी. तिथे हात वर लागतो." त्यापेक्षा रडली असती तर बरं.

बगलेत दोन्हीकडे कापडाचा तुकडा जोडला तर हात मोकळा होईल. पण त्या निळ्याची जोड आता कुठल्याच दुकानात नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. तुझ्या रोजच्या खांद्याच्या पिशवीत मात्र आहे; ती त्याच कापडाची शिवलेली. पत्र घेऊन हेच दारात उभे आहेत. आतलं सामान काढून पिशवी त्यांच्याकडे दे.

पुन्हा ता. क. पिशवीबरोबर तूही ये. कात्री माझ्या हाती द्यायची नाही, असं या घरात एकमतानं ठरलंय. विरोधात मत द्यायला मलाही धीर झाला नाही.