लाईट येईपर्यंत

थेरगाव,
शुक्रवार दुपार

प्रिय रणजीत,

कुरिअरच्या पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील. दचकू नकोस. घरात सगळे जेवूनखाऊन आहेत आणि मी काही माहेरी निघून गेलेले नाही. पत्र एवढ्यासाठी की फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि आपल्या घरात फोन कायम स्पीकरवर असतो, एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला आई. पत्राला मध्येच "बरं ठेवतो, मीटिंग आहे" म्हणता येत नाही. शिवाय इथे तुला मनसोक्त 'तू' म्हणता येतं, आईंसमोर 'अहो' म्हणायची कसरत नाही. तू मला साणंदला येण्याबद्दल विचारलं आहेस, त्याचं उत्तर द्यायला आज अर्धा दिवस रजा टाकून बसले आहे. पण त्याआधी तुझ्या लाडक्या गाडीचं पुराण ऐकून घ्यावं लागेल.

गाडी आणलीस तो दिवस आठवतो? झेंडूचा हार घातलेली ती पांढरी गाडी, आईंनी ओवाळलं, आणि तू पार्किंगमध्ये उभा राहून आम्हाला बॅटरीवर भाषण दिलंस. पेट्रोलची कटकट संपली, सर्व्हिसिंगचा खर्च संपला, स्नेहल आता थेरगाव ते चाकण राणीसारखी जाईल. आबा तेवढे गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले होते, "आवाजच न्हाई हिला. मग चालू हाय का बंद, कळायचं कसं?" आपण सगळे हसलो होतो. पुढच्याच महिन्यात तुझी थेट गुजरातेत, साणंदच्या प्लांटला बदली झाली. तू गेलास, आणि राणीच्या पदरात गाडी, आई आणि आबा ठेवून गेलास.

सोसायटीचं तुला ठाऊकच आहे. चार्जर बसवायची परवानगी मागितली की सेक्रेटरी रंगराव दर मीटिंगला आग लागण्याचा नवा व्हिडिओ दाखवतात. पार्किंगमधल्या साध्या प्लगला वायर लावली तर त्या प्लगवर कुलूपबंद डबाच बसवला त्यांनी. म्हणजे राहिले बाहेरचे चार्जर. रणजीत, तू बॅटऱ्या बनवतोस, पण बॅटरी भरायला कधी रांगेत उभा राहिलायस? नकाशावर हिरवा ठिपका दिसतो, म्हणून डांगे चौकातून वाकडपर्यंत जावं, तर त्या जागेवर कुणीतरी डिझेलची गाडी लावून मॉलमध्ये गेलेलं. ती हलली तर पुढे टॅक्सीवाल्यांची रांग. नंबर लागला तर मशीन बंद. मशीन चालू असलं तर ओटीपी येत नाही. आणि सगळं जमून आलं, चार्जरच्या वायरची गन गाडीत खटकन बसली, आपण हुश्श म्हणून मागे टेकलो, की दोन मिनिटांनी ते आपलं आपणच थांबतं. का थांबलं, हे सांगायला तिथे माणूस नसतो. पेट्रोल पंपावर निदान भांडायला तरी कुणी असतं.

पैशाचं तर विचारूच नकोस. प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, प्रत्येक ॲपचं पाकीट वेगळं, आणि पाकिटात पैसे आधी भरायचे. आज माझे पैसे अशा पाच पाकिटांत अडकलेत आणि पर्समधलं खरं पाकीट रिकामं आहे. सकाळी एक दर, संध्याकाळी दुसरा, वर जीएसटी. चार्जिंग सुरू झालं नाही तरी पैसे कापले जातात आणि ते 'सात कामकाजी दिवसांत' परत येतात. कुणाचं काम आणि कुणाचे दिवस, देव जाणे. तू वाचवलेल्या पेट्रोलचा हिशेब मी आता मांडत नाही. मांडला की डोकं फिरतं.

शेवटी मला एक जागा सापडली. चाकण-तळेगाव रस्त्यावर एका हॉटेलच्या आवारात. आमच्या कंपनीला गुरुवारची सुट्टी, त्या दिवशी तिथे गर्दी कमी असते. गुरुवारी गाडी पूर्ण भरायची आणि एसी बंद ठेवून आठवडा काढायचा, असं मी ठरवून टाकलं. तर आई म्हणाल्या, "एकटी बाईमाणूस दोन-दोन तास तिथं बसणार व्हय? यांना घेऊन जा संगं." मला वाटलं, माझ्या काळजीनं म्हणतात. तेव्हापासून आबा दर गुरुवारी माझ्यासोबत येतात. डिकीत घडीची खुर्ची, पिशवीत शेंगदाणे आणि पाण्याची बाटली. ही जागा आपलं शेत होतं त्याच्या जरा अलीकडेच आहे, हे तुला सांगायला नको.

खरं सांगू, सुरुवातीला मला ते गुरुवार आवडायला लागले होते. लग्नानंतर इतक्या वर्षांत आबा माझ्याशी कधी एवढं बोलले नव्हते. तिथे नवनाथ म्हणून बीडकडचा एक टॅक्सीवाला नेहमी भेटतो, त्याची नि आबांची गट्टी जमली. आबा त्याला विहिरीच्या गोष्टी सांगायचे. थ्री फेज लाईट कशी आठवड्याला पाळीनं यायची, लाईटची वाट बघत माणसं बांधावर कशी बसून राहायची, आणि दिवा पेटला रे पेटला की मोटार चालू करायला कसं धावत सुटायचं. नवनाथ हसून म्हणायचा, "आबा, मग आपलं काय बदललं? तुम्ही बी लाईटची वाट बघत होता, आमी बी तेच करतोय." आबा मान डोलवायचे आणि मला विचारायचे, "किती झाली?" मी सांगायचे, चाळीस टक्के. ते "बरं" म्हणायचे आणि शेंगदाणे सोलायचे. दाणा तोंडात टाकायच्या आत परत, "किती झाली गं?" मला वाटायचं, कंटाळलेत बिचारे.

मागच्या आठवड्यात गुरुवारी काय झालं ते आता लिहिते. गाडी निम्मी पण भरली नव्हती आणि लाईट गेली. स्क्रीन काळी ठिक्कर, गन गाडीत अडकलेली, आणि ॲप बिनदिक्कत सांगतंय की चार्जिंग चालू आहे. मी हेल्पलाइनला फोन लावला. आपला कॉल महत्त्वाचा आहे, एवढं हिंदीत पुन्हा पुन्हा ऐकून झालं आणि कॉल तुटला. परत लावला. ऊन मी म्हणत होतं. बऱ्याच वेळाने हॉटेलचा पंखा फिरायला लागला आणि नवनाथ ओरडला, "आली! लाईट आली!" मशीन उजळलं, पण चार्जिंग सुरू होईना आणि गनही सुटेना. मी त्या मशीनशी झटापट करत होते. वळून बघितलं तर आबांची खुर्ची रिकामी होती.

हॉटेलात नाहीत, मोरीकडे नाहीत. समोर तो रस्ता, कंटेनरमागून कंटेनर. गाडी काढून शोधायला जावं, तर गाडी दावणीला बांधल्यासारखी त्या खांबाला बांधलेली. नवनाथची गाडी रांगेत, पार रिकामी. मागच्या दोघांच्याही तशाच. त्या आवारात चार गाड्या उभ्या होत्या आणि एकही हलवता येत नव्हती. मी ती गन दोन्ही हातांनी ओढली, लाथ मारली तिला, मोठ्याने रडले. लाज वाटली नाही. नवनाथ म्हणाला, "ताई, गाडी कुठं पळून जात न्हाई. तुम्ही तिकडं बघा, मी तळेगावच्या अंगाला बघतो." मग आम्ही दोघं दोन दिशांना पायी पळत सुटलो.

ते सापडले आपल्या शेतावर. म्हणजे आपलं शेत होतं तिथल्या कंपनीच्या गेटवर. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, चपला कडेला नीट काढून ठेवलेल्या, चिखलात उतरायच्या आधी काढतात तशा. वॉचमन बिचारा हात जोडून त्यांना मागे सारत होता आणि आबा त्याला समजावत होते, "अरं बाबा, लाईट आलीय. मोटार चालू करून येतो, उघड की. परत गेली म्हंजी आठवडाभर पाणी न्हाई." मी त्यांचा हात धरला. म्हटलं, आबा, चला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी मायेने बघितलं, आणि विचारलं, "तू कुणाची गं, पोरी?" मी म्हटलं, मी स्नेहल, रणजीतची बायको. तर हसले. म्हणाले, "रणजीतचं लगीन कुठं झालंय अजून?"

रस्ता ओलांडून परत येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. नवनाथने तोवर हॉटेलच्या मॅनेजरला गाठून मशीनचं मेन बटण बंद करायला लावलं होतं, गन सुटली होती. गाडीत बसल्यावर आबांनी बेल्ट लावला आणि मला विचारलं, "किती झाली, स्नेहल?" नाव घेऊन. जणू काही झालंच नव्हतं. मला त्या गेटपेक्षा त्या प्रश्नाची जास्त भीती वाटली.

घरी येऊन आईंना सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. दचकल्या नाहीत रे. निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला आज कळलं. मला वरीस झालं." आबांकडून गॅस चालू राहतो. दूध आणायला गेले की दोनदा आणतात. एकदा डांगे चौकातून शेजारच्या मिनलने त्यांना हात धरून घरी आणलं होतं. दाराची किल्ली त्या कमरेला खोचून झोपतात. दर गुरुवारी त्यांना माझ्याबरोबर धाडायच्या ते माझ्या काळजीनं नाही. तेवढा वेळ आईंच्या डोळ्याला डोळा लागावा म्हणून. आणि मला त्यांनी बजावलं, रणजीतला कळवलंस तर माझ्या गळ्याची शपथ, पोरगं चांगली नोकरी टाकून पळत येईल. आईंचा मला इतका राग आला आणि इतकी कीव आली की मी नुसती त्यांच्याजवळ बसून मेथी निवडली. शपथ मी आज मोडते आहे. काय पाप लागायचं ते लागो.

शनिवारी आबांना चिंचवडला डॉक्टरांकडे नेलं. 'गाडी भरायला जायचंय' असं सांगितल्यावरच ते निघाले. डॉक्टरांनी साल विचारलं, आबांनी आपलं शेत गेलं ते साल सांगितलं. हे विसरणं बरं होणारं नाही, डॉक्टर म्हणाले. औषधाने जरा हळू होईल, एवढंच. मग त्यांनी मला विचारलं, "मुलगा कुठे असतो?" तुला वाटेल, मी रोज बोलतो आबांशी, मला कसं कळलं नाही? तू फोन केलास की आबा काय विचारतात ते आठव. जेवलास का? ऊन हाय का तिकडं? ड्यूटी कुठली? बरं, ठेव, बिल येईल. गेली कित्येक वर्षं हेच विचारतात. ते तेवढं त्यांना तोंडपाठ आहे. म्हणून तुझे आबा फोनवर ठणठणीत आहेत.

मला काय करावं कळत नाही, रणजीत. मी रोज कामावर जाते आणि फोन वाजला की आधी घरचा नंबर आहे का ते बघते. आई थकल्यात. गाडीत जायला यायला पुरेल एवढं चार्जिंग आहे का हे बघत निघायचं, आणि मध्येच घरून बोलावणं आलं तर पोहोचू की नाही हे माहीत नाही.

काल परत गुरुवार होता. आबांना घरी ठेवून जायची हिंमत झाली नाही, म्हणून घेऊन गेले आणि त्यांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसले. तिथेच तुझा मेसेज आला: आणखी दोन वर्षांच्या करारावर सोमवारी सही करतोय, फ्लॅट बघितलाय, पार्किंगमध्ये आपला स्वतःचा चार्जर आहे, तू ये, आईआबा राहतील थेरगावला, ठणठणीत आहेत. चार्जरसाठी मी वर्षभर तुझ्याशी भांडले ना, तो तू शोधलास. मी मेसेज वाचत होते तेवढ्यात लाईट गेली. मी आबांचा हात घट्ट धरला, आता उठतील म्हणून. पण ते उठले नाहीत. निवांत बसून राहिले. म्हटलं, आबा, मोटार चालू करायला नाही जायचं? तर म्हणाले, "मी कशाला जाऊ? रणजीतला धाडलंय विहिरीवर. लाईट आली की मोटार चालू करंल आन् येईल." मग लाईट आली. ते रस्त्याकडे बघत राहिले. गाडी भरली, आम्हाला निघायचं होतं, तरी उठेनात; पोरगं येऊ दे म्हणाले. मी त्यांना कसं उठवलं ते माझं मला माहीत. तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: मी येत नाही. सोमवारी सही करू नकोस, तू ये. माझं नाव त्यांच्या डोक्यात येऊन-जाऊन असतं, तुझं अजून पक्कं आहे. ते आहे तोवर ये.

तुझीच,
स्नेहल